शेपटीला लटकलेले शब्द

इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांना मी घाबरत नाही. ते शब्दकोशात मुकाट्याने सापडतात. धसका आहे तो अप, ऑफ, इन, ओव्हर या चिल्लर मंडळींचा. क्रियापद बिचारं सरळमार्गी. ही शेपटीला लटकली की त्याची चाल बिघडते.

'पुट'च घ्या. पुट ऑन म्हणजे कपडे घालणं. मग पुट ऑफ म्हणजे उतरवणं? छे, ते टेक ऑफ. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं आणि पुट आउट म्हणजे विझवणं. या दोघांची अदलाबदल झाली की 'आग विझवा'चं 'आगीचं उद्या बघू' होतं. पाहुण्याला पुट अप केलं तर त्याची राहायची सोय केली. पुट अप विथ केलं तर त्याला सोसलं. पाहुणा तोच. पहिल्या दिवशी विथ नसतो, चौथ्या दिवशी आपोआप येऊन चिकटतो.

मित्र वाटेत अचानक भेटला तर रन इंटू. तिथे रन ओव्हर म्हटलंत तर तो गाडीखाली गेला.

खरी मेख मात्र जागेची आहे. पिक अप, पुट ऑफ यांत नाम मध्ये घाला किंवा शेवटी, चालतं. सर्वनाम मात्र मध्येच बसतं. पिक इट अप बरोबर, पिक अप इट चूक. उलट लुक आफ्टर, म्हणजे काळजी घेणं, फोडता येत नाही. तिथे 'हर' हे सर्वनामही मुकाट्याने शेवटी, लुक आफ्टर हर. ओळखायचं कसं? शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश 'पुट समथिंग ऑफ' असं, समथिंग मध्ये बसवूनच छापतात. क्रियापद पाठ करायचं ते तसंच, समथिंगसकट.

ही जागा हुकली की काय होतं? आभाराच्या पत्रात 'यू सॉ मी थ्रू' लिहिलं तर 'तुम्ही मला अडचणीतून निभावून नेलंत'. 'यू सॉ थ्रू मी' लिहिलं तर 'तुम्ही माझं ढोंग ओळखलंत'. शब्द तेवढेच, फक्त 'मी' एक घर सरकला आणि आभाराचा कबुलीजबाब झाला.

इंग्रजांना नावं ठेवायला मी कधीचा टपलोय, पण आपलं 'अंग' आडवं येतं. अंगावर येणं, अंगाशी येणं, अंगात येणं. उद्या एखादा परदेशी माणूस धापा टाकत म्हणाला, "कुत्रा माझ्या अंगात आला", तर त्याला डॉक्टरकडे न्यायचं की मांत्रिकाकडे?