सहाराच्या डोळ्यात अटलांटिस नाही, घुमट आहे

आठवडाभर तो व्हिडिओ टाळत होतो. आज सकाळी आत्याने पाठवला, खाली ओळ : "हे तुम्हाला शाळेत शिकवलं नाही ना?" आता लिहिणं आलं.

दावा असा : मॉरिटानियाच्या वाळवंटातली रिशात रचना, म्हणजे खडकांच्या एकात एक गोल कड्यांचा 'सहाराचा डोळा', हेच ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटोने वर्णिलेलं, गोल कड्यांचं बुडालेलं अटलांटिस. पुरावे तीन. इतकी गोल कडी निसर्ग काढूच शकत नाही. मापं प्लेटोच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतात. आणि शास्त्रज्ञ आधी 'उल्का आदळून झालं' म्हणाले, मग पलटले.

पहिल्याने डोक्यात तिडीक गेली. पुतणीच्या खेळातल्या मातीच्या तीन चपट्या एकावर एक ठेवल्या : खाली पिवळी, मध्ये निळी, वर लाल. खालून गोटी दाबली. वर आलेला फुगवटा सुरीने आडवा कापला. मध्ये पिवळा ठिपका, भोवती निळं कडं, बाहेर लाल. पाच मिनिटांत अटलांटिस तयार! सहारात गोटीचं काम खालून वर चढलेल्या शिलारसाने केलं आणि सुरीचं काम झिजेने. क्वार्ट्झाइटसारखे कठीण थर वलयांसारखे उभे राहिले, मऊ थर खरवडले जाऊन मध्ये खोलगट पट्टे उरले. घुमटाची खूण म्हणजे सर्वांत जुना खडक मध्यभागी, बाहेर जावं तसा नवा, आणि थर चहूबाजूंनी बाहेर कललेले. खोलगट द्रोणीत नेमकं उलट असतं. रिशातमध्ये घुमटाचाच क्रम आहे. कुठल्या नगररचनाकाराने तो जमवला म्हणे?

मापांचं थोडक्यात : प्लेटोची सगळी कडी मिळून व्यास २७ स्टेडिया, म्हणजे साधारण ५ किलोमीटर. रिशात ४० किलोमीटरच्या आसपास. तंतोतंत!

तिसऱ्यात अर्धं सत्य आहे, मान्य. उल्केचा संशय खरंच होता. उल्का आदळल्यावर येतो तशा प्रचंड दाबाखाली बनणारं कोएसाइट हे खनिज तिथे सापडल्याचंही छापून आलं होतं. १९६९मध्ये ते बॅराइट, म्हणजे असा दाब न लागणारं साधं खनिज, असल्याचं दाखवलं गेलं. चूक सापडली, सुधारली. याला पलटणं म्हणत असाल तर म्हणा. मॅटन, जेब्राक आणि ली यांचा २००५चा 'जिऑलॉजी' नियतकालिकातला लेख मात्र वाचाच : घुमटाखाली क्रिटेशियस काळातला, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा शिलारस, आणि मधला तुटक्या खडकांचा ढिगारा गरम पाण्याने खडक विरघळवून कोसळवलेला.

तिथे दगडी हातकुऱ्हाडी सापडतात, हेही खरं. पण त्या अश्मयुगातल्या आहेत, प्लेटोने सांगितलेल्या काळाच्या कितीतरी आधीच्या.

मातीच्या कापाचा फोटो आत्याला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात.