"मग बाहेर कशाला पडले?"

आज सकाळी ग्रुपवर कुणीतरी आमच्या बफेलो शहरातल्या (अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या) २०२२ च्या ख्रिसमसमधल्या हिमवादळाचे फोटो टाकले. त्याखाली एका काकांनी लिहिलं, "अंदाज आधीच दिला होता ना? मग मरायला बाहेर कशाला पडले?" खाली सात अंगठे. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

काका, माझा नवरा बाहेर पडला होता. २३ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी साडेसहाला. पाऊस पडत होता, बर्फाचं नाव नव्हतं. सातची शिफ्ट होती आणि सुट्टी कुणी जाहीर केली नव्हती. गाडी चालवायला बंदी आली साडेनऊला! म्हणजे माणसं कामावर पोचली, मग सांगितलं की रस्त्यावर येऊ नका.

अंदाज होता, हे मान्य. हवामान खात्याने कित्येक दिवस आधीपासून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण अंदाज दाखवून पगारी रजा मिळते का? ऐन सणाच्या आठवड्यात?

दहाला त्यांना कामावरून सोडलं. अर्ध्या तासाचा रस्ता. तोवर उत्तरेकडची कडाक्याची थंडी येऊन आदळली होती. एरी सरोवर अजून गोठलेलं नव्हतं. त्या उघड्या पाण्यावरून, सरोवराच्या सुमारे ३९० किलोमीटर लांबीवरून वारा वाफ उचलत आला आणि टोकाला असलेल्या बफेलोवर तिचा बर्फ करून ओतला. इथे याला लेक इफेक्ट म्हणतात, आम्हाला तो नवा नाही. पण एरवी तो पट्ट्यात पडतो, दोन मैल पुढे ऊन असतं. या वेळी सोबत वादळी वारा होता. विमानतळावर ३७ तास हिमवादळ आणि ५१.९ इंच बर्फ. नवऱ्याला गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं.

गाडी रुतली. फोनवर तो एवढंच म्हणाला, "समोर एक दिवा दिसतोय, तिकडे जातो." मग फोन बंद. आमच्याकडेही वीज गेलेली. लेकीला दोन स्वेटर घालून मी खिडकीशी बसून राहिले.

तो दिवा एका आजींच्या घराचा होता. कृष्णवर्णीय, एकट्या राहणाऱ्या. ओळख ना पाळख, दार उघडलं. तीन रात्री ठेवून घेतलं, स्वर्गवासी नवऱ्याचे लोकरीचे मोजे दिले. सोमवारी तो चालत घरी आला, तेच मोजे घालून.

तो दिवा दिसला नसता तर?

एरी आणि नायगारा या इथल्या दोन काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, मिळून ४७ माणसं गेली. कुणी गाडीत, कुणी रस्त्यात, कुणी घरातच, कारण अ‍ॅम्ब्युलन्स पोचल्या नाहीत. सोडवायला गेलेल्या गाड्याच रुतल्या होत्या. बफेलो शहरात गेलेल्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय होते. आठवड्याचं सामान एकदम भरायला हातात पैसे लागतात, काका. ते नसले की दूध आणायलाही वादळातच बाहेर पडावं लागतं.

काही जण उगाच, हौसेने बाहेर पडले असतील. असतील. आणि एरी काउंटीच्या प्रमुखांनी बंदीच्या वेळेचा दोष नंतर स्वतःवर घेतला, तेही खरं. पण महिनाभरच आधी, नोव्हेंबरात, बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला सुमारे ८० इंच बर्फ पडला, तेव्हा बंदी रात्रीच आली होती. म्हणजे जमत होतं! डिसेंबरात सकाळपर्यंत वाट कशाची पाहिली?

मघाशी फार रागाने लिहायला बसले होते. आजींचं लिहिताना जरा निवले. पण काका, ती ओळ तेवढी काढून टाका. त्या ग्रुपवर माझा नवराही आहे.

त्याने वाचली. काही बोलला नाही. आत जाऊन आजींना फोन लावला आणि महिन्याची औषधं भरून ठेवलीत का, एवढंच विचारलं.