पाच वाजता कामावर आलेले

परवा चर्चमध्ये उपासनेनंतर एका बाईंनी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्या मंडळीत येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झालीत. आई मरणाच्या दारातून परत आली, हे सांगताना त्यांचा गळा दाटून आला. सगळे ‘हालेलुया’ म्हणाले. मीही म्हटलं. तोंडाने.

कारण माझी आई त्याच आजाराने गेली. तिच्यासाठी याच लोकांनी उपास धरून प्रार्थना केल्या होत्या. आणि तिने आयुष्यभर संडे स्कूल घेतलं होतं, एक रविवार चुकवला नव्हता. म्हणजे खरं तर जमा बाजूला आमचंच जास्त निघायला हवं होतं ना? असा हिशेब मी मांडून बसले होते, तेही देवळाच्या बाकावर.

घरी येऊन बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २०वा अध्याय काढला. त्यातला येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा, पाठ आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे एक दीनार रोज ठरवून मजूर लावतो. मग नऊ, बारा, तीन आणि शेवटी पाच वाजताही आणखी माणसं घेतो. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दीनार. पहाटेचे कुरकुरतात.

या वेळी अडखळले ती एका बारीक गोष्टीपाशी. मालक कारभाऱ्याला सांगतो, मजुरी द्यायला शेवटच्यांपासून सुरुवात कर. उलट केलं असतं तर पहाटेचे आपापला दीनार घेऊन खुशीत घरी गेले असते. कुणाला काही कळलं नसतं, दाखलाच झाला नसता. त्यांना थांबून बघावं लागलं. दीनार ठरला होता तेवढाच होता, दुसऱ्याच्या हातात बघितल्यावर तो लहान वाटायला लागला.

‘मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलतं का?’ असं मालक विचारतो. मूळ ग्रीकमध्ये शब्दशः ‘तुझा डोळा वाईट आहे का?’ असं आहे. आपल्याकडे दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं, पण दुखणं शिरतं डोळ्यातूनच. बायबलमधल्या शौल राजाचं बघा, दाविद हा त्याचा तरुण योद्धा. बायका गायल्या, शौलाने हजारो मारले, दाविदाने लाखो. हजारोंचा मान मिळालाच होता की त्याला! पण त्या दिवसापासून त्याची नजर दाविदावरून हटली नाही.

एक मात्र स्पष्ट म्हणते. हा दाखला कामगारांना गप्प बसवायला वापरणारे लोक मी पाहिलेत, आणि मला त्यांचा राग येतो. मालकाने कुणाचाही पैसा बुडवलेला नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात आहे. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. माझं बुडालं म्हणून भांडणं हा हेवा नव्हे. मी स्वतःला एवढंच विचारते, समोरच्याचं काढून घेतलं तर माझं दुखणं थांबेल का? त्या बाईंची आई गेली असती तर मला बरं वाटलं असतं का? हा प्रश्न लिहितानाही लाज वाटते.

यावर उपाय म्हणून लोक कृतज्ञता सांगतात. ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढणारे बघ आणि आभार मान.’ मला हे पटत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, हेच करतो. ‘देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार.’ ही उपकारस्तुती कसली, हा तोच वाईट डोळा, फक्त खाली वळलेला. आईसाठी मला आभार मानायचे असतील तर ते आईकडे बघूनच मानावे लागतील. तिच्या आवाजासाठी, सुवार्तेची गाणी शिकवताना चुकणाऱ्या तिच्या तालासाठी.

आणि ते पाच वाजताचे मजूर. आपण धरून चालतो की त्यांचा दिवस मजेत गेला. मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. दिवसभर बाजारात उभं राहायचं, प्रत्येक वेळी दुसऱ्यालाच निवडलेलं बघायचं, आणि संध्याकाळी घरी काय न्यायचं याची धास्ती.

त्या बाई दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या. त्याआधी त्या कुठे उभ्या होत्या, हे मी आजवर विचारलेलं नाही.