खात्रीचे दागिने आणि चावीचं घड्याळ

आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चाललंय. कुणीतरी जुन्या दिवाळी अंकातली सराफाची जाहिरात टाकली, काळ्यापांढऱ्या ब्लॉकमध्ये वर लक्ष्मी, मध्ये मंगळसूत्र, 'खात्रीचे दागिने', आणि खाली अर्थातच 'आमची कोठेही शाखा नाही'. झालं, सगळे गहिवरले. तेव्हा जाहिरातीतसुद्धा खरेपणा होता म्हणे, आता नट्या उभ्या केल्याशिवाय सोनं खपत नाही म्हणे. तिथून गाडी घसरली ती थेट घड्याळावर, की हल्लीची पोरं घड्याळ घालत नाहीत म्हणून त्यांना वेळेची किंमत नाही. हे लिहिणारा मित्र शाळेत रोज प्रार्थना संपल्यावर उगवायचा, ते असो.

मी शक्यतो गप्प बसतो, कारण इथून, अमेरिकेतून, तोंड उघडलं की 'तू बोलू नको, डॉलरवाला' हे ठरलेलं. पण खरेपणा वगैरे वाचून डोकं फिरलं. अरे, सोनं किती कॅरेटचं आहे हे गिऱ्हाइकाला कळायची सोय तरी होती का? १९६३ ला अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायलाच बंदी घातली, कितीतरी सोनारांची शेगडी विझली, पुढे सुवर्ण नियंत्रण कायदा आला तो १९९० पर्यंत चालला. हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, २००० साली आला आणि सक्ती व्हायला २०२१ उजाडलं. तोवर 'खात्रीचे' म्हणजे पेढीवरचा माणूस म्हणेल ते. घडणावळ तोच सांगणार, मोडायला गेलं की घट किती धरायची तेही तोच सांगणार. आईने पाटल्या मोडल्या तेव्हा मी सोबत होतो, हातात पडलेले पैसे तिने दोनदा मोजले आणि एक शब्द न बोलता पर्समध्ये टाकले. शाखा नाही हा काय गुण झाला? गावात दुसरीकडे जायची सोय नाही एवढाच त्याचा अर्थ.

आणि नट्या नव्हत्या कारण लागतच नव्हत्या. लग्न ठरलं की सोनं घ्यायचंच होतं, नुसतं कुणाकडून ते सांगायचं बाकी. इकडे अमेरिकेत उलटं, इथे जाहिरातवाल्यांनी रीतच जन्माला घातली. 'हीरा है सदा के लिए'चं मूळ इंग्रजी वाक्य १९४७ ला फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी डी बिअर्स या हिरे कंपनीसाठी लिहिलं, त्यांनी स्वतः लग्न केलं नाही, पण आमच्या ऑफिसातली पोरं अजून अंगठीसाठी दोन महिन्यांचा पगार बाजूला काढतात. त्यापेक्षा कॉस्टको हे इथलं घाऊक दुकान बरं, मेंबर कार्ड दाखवा, सोन्याचा बार घ्या, ना लक्ष्मी ना नटी ना गुरुपुष्यामृत. हे मी ग्रुपवर जरा ऐटीतच लिहिलं. लिहिलं नाही ते हे, की कॉस्टकोतून मी सोनं एक ग्रॅमही घेतलेलं नाही. गुरुपुष्याला आम्ही न्यू जर्सीतल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडलाच जातो, पार्किंगसाठी तीन चकरा मारून, आणि काउंटरवरच्या बाई 'या, बसा' म्हणाल्या की बायको घडणावळीत घासाघीससुद्धा करत नाही.

आता घड्याळ. बंगळूरला एचएमटीची घड्याळं १९६१ पासून व्हायला लागली, जपानच्या सिटिझनच्या मदतीने, मग जनता, पायलट, सोना ही मॉडेलं घरोघरी गेली. पण वेळेसाठी? हुंड्याच्या यादीत घड्याळ, रेडिओ, सायकल असायचं हे सगळे सोयीस्कर विसरले. घड्याळावरून रुसलेले जावई आमच्याच नात्यात आहेत. नंतर टायटनवाले मोझार्टची पंचविसावी सिंफनी वाजवत टीव्हीवर आले आणि तीच वस्तू प्रेमाची भेट झाली, फार सुंदर जाहिराती, त्या ट्यूनसाठी मी स्वयंपाकघरातून धावत यायचो. मग मोबाइल आले, मनगटं रिकामी झाली, २०१५ ला ॲपल वॉच आलं आणि परत भरली. माझ्या मुलाला त्याचं घड्याळ 'उठून उभा राहा' असं सांगतं आणि तो राहतो, मी सांगून कधी राहिला नाही. वेळेची किंमत म्हणाल तर सिकॉकस स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर झाडून सगळ्यांच्या हातात घड्याळ असतं, आणि न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी यायची तेव्हाच येते.

या सगळ्या भांडणात त्या प्रार्थनेनंतर उगवणाऱ्या मित्राचाच वेगळा मेसेज आला, डिसेंबरात येताना होणाऱ्या जावयासाठी स्मार्टवॉच आण, तिकडे स्वस्त पडतं ना. आणणार आहे, नाही कसं म्हणू.

बाबांची चावीची एचएमटी माझ्याकडे आहे. तो कारखाना बंद करायचं २०१६ ला ठरलं आणि एकदम सगळ्यांना ती प्यारी झाली, मलाही तेव्हाच ती मागून घ्यावीशी वाटली. पुण्याला जाताना विमानातच स्मार्टवॉच काढतो आणि ती घालतो, म्हणजे नातेवाइकांत मी अजून त्यांच्यातलाच दिसेन. भाऊ म्हणतो, नाटकं आहेत, इथे आता कोण घालतं ही? बरोबरच आहे त्याचं. इकडे मात्र ऑफिसात कधी घातली की लोक थांबून बघतात, व्हिंटेज आहे का विचारतात. मग मी बाबांबद्दल सांगायला लागतो, ते ऐकून घेतात आणि किंमत विचारतात, आणि मीही सांगतो, ईबेवर बघून ठेवलेली, थोडी वाढवून.