गट नंबर चुकला म्हणून हुकूमनामा मरत नाही

"हुकूमनाम्यात गट नंबर चुकला की हुकूमनामा रद्द. वर्षाच्या आत दुरुस्ती नाही केली तर नवा दावा लावायचा." कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. हुकूमनामा म्हणजे निकालपत्रावरून कोर्ट काढतं तो आदेश. कसबा बावड्याच्या कोर्टात मी रोज दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, कामं बघतो. हा मेसेज वाचून हबकलेली माणसं भेटायला लागली, म्हणून लिहितोय.

'रद्द' हे साफ चूक. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधलं कलम १५२ याच कामासाठी आहे. लिहिण्यातली किंवा आकडेमोडीतली चूक, नजरचुकीनं राहिलेली गोष्ट कोर्ट दुरुस्त करू शकतं, अर्जावरून किंवा आपणहून.

'वर्षाच्या आत' हेही नाही. कलमातला शब्द 'केव्हाही' असा आहे. मुदत आहे ती दरखास्तीला. कब्जाच्या किंवा पैशाच्या हुकूमनाम्याला ती १२ वर्षं. दुरुस्तीचा अर्ज दिलाय म्हणून ही मुदत थांबली, असं समजून मात्र बसू नका.

आता 'नवा दावा'. करवीर तालुक्यातल्या एका कामात दावा, सातबारा, मोजणी नकाशा सगळीकडं गट नंबर १६७. हुकूमनाम्यात पडला १७६. बेलीफ कब्जे वॉरंट घेऊन शेतात आला. पूर्वेला ओढा, पश्चिमेला पाणंद, चतुःसीमा तंतोतंत जुळत होत्या. पण १७६ दुसऱ्याच्याच नावावर. बेलीफानं कब्जा न देता तसा अहवाल लिहिला, आणि त्याचं बरोबरच होतं. म्हातारे वादी बांधावर बसले. म्हणाले, "नऊ वर्षं भांडलोय, आता एका आकड्यापायी परत पहिल्यापास्नं?"

पहिल्यापासून काही करावं लागलं नाही. मूळ दाव्यात अर्ज दिला, सोबत सातबारा आणि नकाशा जोडला. दुरुस्त हुकूमनामा मिळाल्यावर दरखास्तीतलं वर्णन बदललं आणि नवीन वॉरंट काढलं. हा अर्ज पुष्कळजण दरखास्तीतच देतात, तिथं गाडी अडते. दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाला हुकूमनाम्याच्या मागं जाता येत नाही, म्हणजे तो बदलता येत नाही. अपिलात निकाल झाला असेल तर अर्ज अपील कोर्टात.

मेसेजमधली भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. निकालपत्रात ४० आर आणि हुकूमनाम्यात ४ आर पडले, तर ती लेखनाची चूक. पण निकालच ४ आरचा असेल, तर कलम १५२ खाली ३६ आर वाढवून मिळत नाहीत. त्याला पुनर्विलोकन (त्याच कोर्टाकडून निकालाचा फेरविचार) किंवा अपील हाच रस्ता.

घाई करायची ती हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी होणाऱ्या लिलावात. लिलावाच्या जाहीरनाम्यातल्या चुकीच्या वर्णनामुळं मिळकत कवडीमोलानं गेली, तर विक्री रद्द करायचा अर्ज याच संहितेच्या आदेश २१, नियम ९० खाली होतो. गंभीर अनियमितता आणि तिच्यामुळं झालेलं मोठं नुकसान, दोन्ही दाखवावं लागतं. तिथं 'केव्हाही' चालत नाही. मुदत विक्रीच्या तारखेपासून ६० दिवस.