जुलैचा गारवा आणि ‘ॲफेलियन’चा मेसेज

दरवर्षी जून संपत आला की कुटुंबाच्या, सोसायटीच्या, भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. उद्या पहाटे ५.२७ पासून ‘ॲफेलियन’ सुरू होतंय, पृथ्वी सूर्यापासून फार लांब जाणार. एरवी हे अंतर ५ प्रकाश-मिनिटं म्हणजे ९ कोटी किलोमीटर असतं, ते आता १५.२ कोटी होणार, म्हणजे ६६ टक्के जास्त. त्यामुळे ऑगस्टपर्यंत कधी नव्हे इतकी थंडी पडेल, अंग दुखेल, घसा धरेल, सर्दी-ताप येईल. जीवनसत्त्वं घ्या, जपा आणि सर्वांना पाठवा.

पाठवणारे काळजीपोटी पाठवतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या ग्रुपवर तो काकूंनी पाठवला होता. म्हणूनच नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून गप्प बसणं मला पटत नाही. एकेक गोष्ट धरून बोलू.

ॲफेलियन खरंच असतं. मराठीत त्याला अपसूर्य म्हणतात. पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही, किंचित लंबगोल आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर, १५.२१ कोटी किलोमीटरवर असते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत जवळ, १४.७१ कोटींवर. तेव्हा १५.२ कोटी हा आकडा बरोबर आहे. खोटा आहे तो ९ कोटींचा. शुक्र सूर्यापासून १०.८ कोटी किलोमीटरवर फिरतो. पृथ्वी एरवी ९ कोटींवर असती तर आपण शुक्राच्याही आत, सूर्याच्या धगीत राहत असतो. सरासरी अंतर १४.९६ कोटी किलोमीटर आहे आणि सूर्यप्रकाशाला ते कापायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. जुलैत त्यात आठेक सेकंदांची भर पडते. वाढ ६६ टक्के नव्हे, सरासरीपेक्षा जेमतेम पावणेदोन टक्के. माझा अंदाज असा की हे अंतर मैलांत साधारण ९ कोटी ३० लाख होतं, तेच कुणीतरी किलोमीटर म्हणून वाचलं असावं.

‘उद्यापासून सुरू’ हेही चुकीचं. अपसूर्य हा एक क्षण आहे, दोन महिने चालणारी घटना नव्हे. जानेवारीपासून पृथ्वी हळूहळू लांब जात असते, तो क्षण गाठला की हळूहळू परत जवळ येऊ लागते.

आता खरा मुद्दा. अंतर वाढलं की थंडी वाढते, असं मेसेज गृहीत धरतो. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते असं तर शिकलेली माणसंही सहज बोलून जातात. लांब गेल्यामुळे फरक पडतोच. जुलैत पृथ्वीला मिळणारी सूर्याची उष्णता जानेवारीपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असते. पण ऋतू अंतरामुळे होत असते, तर सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी हिवाळा आणि एकाच वेळी उन्हाळा आला असता. मेलबर्नला राहणाऱ्या आपल्या माणसांना विचारा. त्यांचा कडक उन्हाळा जानेवारीत असतो, आणि गणपती बसतात तेव्हा तिथे हिवाळा नुकता सरत असतो. आणखी एक गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही, पण आहे. सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान जुलैत जानेवारीपेक्षा जास्त असतं. उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे, आणि समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते.

ऋतू होतात ते पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. आसाभोवती फिरण्याने दिवस-रात्र होते. तोच कललेला आस वर्षभर आकाशात जवळजवळ एकाच दिशेला रोखलेला राहतो, म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. इथे दुसरी चूक होते, आणि ती मी शाळेतल्या मुलांकडून दरवर्षी ऐकतो: कलल्यामुळे आपला भाग सूर्याच्या जवळ जातो, म्हणून उकडतं. पृथ्वीचा अख्खा व्यासच १२,७४२ किलोमीटर आहे. १५ कोटींपुढे तो काहीच नाही. कलण्यामुळे बदलतं ते अंतर नव्हे, उन्हाचा कोन आणि दिवसाची लांबी.

कोन म्हणजे काय, ते अंधाऱ्या खोलीत टॉर्चने दिसतं. टॉर्च फरशीवर सरळ खाली धरा, लहान लख्ख गोल पडतो. तिरपी करा, तोच उजेड लांबट होऊन पसरतो आणि फिका पडतो. टॉर्च तेवढीच, सेल तेवढेच.

उन्हाचं हेच आमच्या पुण्यातल्या गच्चीवर दिसतं. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आहे आणि तिच्या सावलीच्या टोकाला मुलं खडूने खूण करतात. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास, दिवसातली सावली सर्वांत आखूड असते तेव्हाही, ती सुमारे ९० सेंटीमीटर भरते. मे महिन्याच्या मध्यावर, १३-१४ तारखेला, त्याच वेळी सावली काठीच्या बुंध्यात शिरते. तोच शून्य सावलीचा दिवस. मुलं वाकून काठीभोवती फिरतात, सावली कुठे पळाली ते शोधत. डिसेंबरात सूर्य भर दुपारीही ४८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर माथ्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे पाव भाग ऊन कमी पडतं. शिवाय दिवस ११ तासांचा, जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा. जानेवारीत पृथ्वी जवळ आल्याने मिळणारे ७ टक्के या तुटीपुढे टिकत नाहीत. संक्रांतीला तिळातिळाने दिवस वाढतो म्हणतात, ते याच हिशेबातलं आहे.

मग अंतराचा काहीच परिणाम नाही का? आहे, आणि तो कॅलेंडरवर दिसतो. मार्चच्या विषुवदिनापासून (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत १८६ दिवस, आणि तिथून पुढच्या मार्चपर्यंत १७९. जुलैत पृथ्वी दूर असते म्हणून संथ चालते, आणि आपल्या गोलार्धाला उन्हाळ्याकडचे सात दिवस जास्त मिळतात. म्हणजे अपसूर्याने उन्हाळा घटत नाही, लांबतो! आणि हा जुलैचा योगही कायमचा नाही. पृथ्वी सर्वांत दूर आणि सर्वांत जवळ असण्याच्या तारखा साधारण ५८ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरांच्या काळाच्या आसपास, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ यायची ती डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास.

अंतराचा जोर खरोखर पाहायचा तर मंगळावर. त्याचा आस २५ अंशांनी, जवळपास आपल्याइतकाच कललेला आहे, पण कक्षा बरीच लंबगोल: २०.७ ते २४.९ कोटी किलोमीटर. जवळ असताना मंगळाला दूरच्या वेळेपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त ऊन मिळतं. त्याच काळात त्याच्या दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, आणि सगळा ग्रह झाकणारी धुळीची वादळं बहुधा याच दिवसांत उठतात. उलट गुरूचा आस फक्त ३ अंशांनी कललेला, म्हणून तिथे ऋतू जवळजवळ नाहीतच. युरेनस तर आडवाच पडून सूर्याभोवती ८४ वर्षांची फेरी मारतो, त्यामुळे त्याच्या ध्रुवावर ४२ वर्षं दिवस आणि ४२ वर्षं रात्र. मेसेज मंगळासाठी लिहिला असता तर त्यात निदान थोडं तथ्य असतं.

मग जुलैत आपल्याकडे गार का वाटतं? पावसाळा आहे म्हणून. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारचा पारा सरासरी ३८ अंशांजवळ जातो, जुलैत २८ च्या आसपास राहतो. आकाश ढगांनी भरलेलं, जमीन ओली, वारा समुद्रावरून येणारा. हा गारवा मोसमी वाऱ्यांचा आहे.

राहिलं आजारपण, आणि माझी खरी तळमळ इथेच आहे. पावसाळ्यात ताप-सर्दीची साथ असते, कारण हवा दमट, दारं-खिडक्या बंद, पाणी गढूळ आणि साचलेल्या पाण्यात डास. एका जुलैत काकूंना ताप भरला, सांधे ठणकायला लागले. मेसेजमध्ये हेच तर लिहिलं होतं! ‘ही ॲफेलियनची थंडी, उतरेल आपोआप,’ म्हणत त्यांनी तीन दिवस काढा आणि गोळ्यांवर काढले. चौथ्या दिवशी रक्त तपासलं तेव्हा डेंग्यू निघाला आणि प्लेटलेट्स खाली गेलेल्या होत्या. त्या बऱ्या झाल्या, पण ते तीन दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा, मलेरियाचा, साचलेल्या पाण्यातून चालून आला असाल तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) असू शकतो. तो अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरमधलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाका.

यंदा मे महिन्यात काकू स्वतः जिने चढून गच्चीवर आल्या. साडेबाराला काठीची सावली नाहीशी झाली, तेव्हा त्यांनी तिचा फोटो काढला आणि ‘ॲफेलियन’चा मेसेज पाठवला होता त्याच ग्रुपवर टाकला.