मॅजिक भरली की सुटते

शनिवारी रात्री जेवणं उरकली आणि लेकीने वही आणून माझ्या मांडीवर आदळली. पाचवीत आहे. इंग्रजीच्या बाईंनी ‘मॅजिक’ शब्द वापरून पाच वाक्यं लिहायला सांगितली होती, तीही पाच वेगवेगळ्या अर्थांची.

‘जादू,’ मी म्हणालो.

‘हा एक झाला,’ ती म्हणाली आणि पेन सरसावून बसली.

माझा साठा तिथेच संपला. बायको आतून म्हणाली, ‘अहो, फरशी पुसायचा मॉप लिहा की.’ आईने मसाल्याची पुडी सुचवली. हल्ली ज्या वस्तूला दुसरा काही गुण नसतो तिला मॅजिक म्हणतात, असं माझं मत. पण आमच्या घरात माझी मतं रविवारी ऐकतात आणि तो शनिवार होता.

मग विद्वत्ता पाजळायला शब्दकोश काढला. शब्द मूळचा इराणी. तिकडच्या प्राचीन पुरोहिताला ‘मगु’ म्हणायचे. तो काय पुटपुटतो हे ग्रीकांना कळेना, म्हणून असल्या सगळ्या न कळणाऱ्या विद्येला त्यांनी ‘मागिके’ करून टाकलं. तिथून लॅटिन, फ्रेंच, मग इंग्रजी. आणि आपली ‘जादू’ही फारसीच, वेदातल्या ‘यातु’ची भाऊबंद. म्हणजे मॅजिकचा अर्थ जादू असं सांगणं म्हणजे एका इराण्याची ओळख दुसऱ्या इराण्याकडून करून घेणं.

लेकीने जांभई दिली. ‘पण बाबा, जादू खरी असते का?’

साताऱ्यात या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची सोय नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच. २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, त्यामागे त्यांची कित्येक वर्षांची धडपड. तेव्हा मी ठासून सांगितलं, ‘जादू नसते. प्रत्येक चमत्कारामागे कारण असतं. ते शोधायचं.’

हे वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता माझ्यावर उलटलं.

रविवारी आम्हा दोघांना कोरेगावला आत्याकडे जायचं होतं. एसटी नुकतीच गेली होती. (एसटी नेहमी नुकतीच गेलेली असते.) वडापला, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या खासगी गाडीला, उभे राहिलो. आमच्याकडे मॅजिक म्हणजे काय, हे त्या शब्दकोशवाल्यांना कुणीतरी कळवायला पाहिजे. ती टाटांची चारचाकी असते. माल वाहणारा छोटा हत्ती २००५ चा, त्याची ही माणसं वाहणारी धाकटी बहीण, २००७ ची. कागदावर सात माणसांची. आम्ही चढलो तेव्हा आत नऊ जण होते आणि ड्रायव्हर ओरडत होता, ‘रिकामीच हाय, चला कोरेगाव, कोरेगाव!’

लेकीच्या वर्गात ‘मॅजिक वर्ड्स’चा तक्ता आहे: प्लीज, सॉरी, थँक्यू. वडापमध्ये मंत्र एकच, ‘सरका’. ‘मावशी, वाईच सरका. पाव्हणं, गुडघं दुमडा. अवो, पोरगी मांडीव घ्या की, तिचं काय वजन!’ लेक माझ्या मांडीवर आली. तिच्या मांडीवर कंदी पेढ्यांचा अर्ध्या किलोचा बॉक्स, बॉक्सवर शेजारच्या आजोबांचं कोपर. समोरच्या मावशींच्या पिशवीतली मेथी माझ्या नाकात. मागे एका माणसाचा एक पाय आत होता, बाकीचा माणूस बाहेर. शेवटी ड्रायव्हरने स्वतःच्या सीटवर दोघांना घेतलं आणि आपण अर्धा दाराबाहेर बसून बाजूने स्टेअरिंग धरलं. बघणाऱ्याला वाटावं, गाडी दुसऱ्याची आहे, हा नुसता हात लावायला आलाय.

‘बाबा, पंधरा,’ लेक कानाशी म्हणाली. ‘मॅजिक स्क्वेअरसारखं!’

गणितात असतो तो नऊ घरांचा. वर ४, ९, २; मधे ३, ५, ७; खाली ८, १, ६. आडवे मोजा, उभे मोजा, तिरके मोजा, बेरीज १५. मान वळली तेवढी वळवून मी पाहिलं. आडवे होते, उभे होते, तिरक्यांचं तर बहुमत होतं.

‘पण सातात पंधरा बसले कसे? कारण असतं, तुम्हीच म्हणालात ना?’

उत्तर द्यायला श्वास लागतो. तो घ्यायला जागा नव्हती. आजोबाच मदतीला आले. ‘बाळ, जवारीचं पोतं आपटून आपटून भरत्यात का न्हाई? गाडी आपटली की मानूस आपोआप खाली बसतुया.’

पटण्यासारखं होतं. माहुलीच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात दणकून आपटली आणि खरोखर चार बोटं जागा झाली. ती मला जाणवायच्या आत ड्रायव्हरला आरशात दिसली आणि पुढच्या थांब्यावर त्याने सोळावा घेतला. तिकडे विधानसभेत २८८ पैकी १४५ चा जादुई आकडा असतो. तो गाठला की माणसं घेणं थांबवतात, असं म्हणणार होतो. पण तिथेही कुणी थांबत नाही.

कोरेगावात उतरलो तेव्हा उजवा पाय माझाच आहे याची खात्री पटायला वेळ लागला. आत्याने बॉक्स उघडला. आत सलग एकच पेढा होता, चौकोनी, मधोमध कोपराचा खळगा.

‘बर्फी आणलीस व्हय?’ आत्या म्हणाली.

रात्री लेकीने वही पूर्ण केली. जादू, मॉप, मसाला, स्क्वेअर आणि पाचवं वाक्य: ‘मॅजिक इज नेव्हर फुल.’ मी म्हणालो, ‘अगं, बाई हे चूक देतील.’ तिने खोडलं नाही.

सोमवारी वही परत आली. चार वाक्यांवर एकेक बरोबरची खूण. पाचव्यावर दोन, आणि शेजारी लाल शाईत ‘व्हेरी ट्रू’.

चौकशी केली तेव्हा कळलं, बाई रोज कोरेगावहून येतात.